कुंकू लागलेला पासपोर्ट

“पासपोर्टला पण कुंकू लाव गं.”

एकोणीस वर्षांपूर्वी, दसऱ्याच्या सकाळी, मालूमावशी मला म्हणाली होती.

मावशी गेली. आज तेरावा.

नात्याने ती माझी कुणी नव्हती. मी कॅनडात, सरेला आले तेव्हा तिच्या बेसमेंटमध्ये भाड्याने राहिले. सहा महिन्यांसाठी म्हणून गेले, सात वर्षं राहिले.

दसऱ्याला तिच्याकडे शिलाई मशीन आणि तिच्या नवऱ्याची, काकांची प्लंबिंगची टूलबॉक्स पुसून मांडलेली असायची. आणि त्या दोघांच्या मध्ये पाटावर तिचा जुना भारतीय पासपोर्ट.

कॅनडाची सिटिझनशिप घेतली की तो जमा करायचा असतो. तिने केला नव्हता.

“याच्या जिवावर इथवर आले मी. टूलबॉक्सला कुंकू आणि याला नाही?”

ती कोरडं कुंकू लावायची, चिमटीभर, वरच्या कव्हरवर. त्या वर्षी पूजा तिने माझ्याकडून करून घेतली. आमच्या घरी कुंकू पाण्यात कालवतात. मी पासपोर्ट उघडला आणि आत, फोटोच्या पानावर, ओलं बोट टेकवलं.

हाताने लिहिलेली शाई. पसरली.

मी पासपोर्ट मिटून ठेवला. कुणाला काही बोलले नाही.

तीन वर्षांपूर्वी काका गेले. मग मावशीने ठरवलं, मिरजेला धाकट्या बहिणीकडे, कुसुममावशीकडे राहायला जायचं. कायमचं.

कुसुममावशीने मागची खोली रंगवून घेतली. कमोड बसवून घेतला. फोनवर ओरडून सांगायची, “मालूताई, गुडघ्याचं निमित्त संपलं आता. ये.”

पण कायमचं राहायचं तर परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळतं ते ओसीआय कार्ड हवं. कार्ड हवं तर जुना पासपोर्ट रीतसर जमा केल्याचा कागद हवा.

मी म्हटलं, “मावशी, आत्ता टुरिस्ट व्हिसावर जा ना. कार्डाचं मागाहून बघू.”

“परतीचं तिकीट काढून कुणी घरी जातं का?”

विषय संपला.

फॉर्म भरायचं काम माझं. फोटो दोनदा परत आला. एकदा सही चौकटीबाहेर गेली म्हणून सगळा अर्ज परत आला. मावशी वहीत छोटी सही गिरवत बसायची. “शहात्तराव्या वर्षी सही शिकतेय बघ.”

शेवटी आम्ही स्कायट्रेनने, जिथे हे अर्ज आणि जुने पासपोर्ट घेतात त्या ऑफिसात गेलो. काउंटरवरच्या बाईंनी पासपोर्ट उघडला आणि हात मागे घेतला.

“आंटीजी, ये लाल क्या है? खून?”

“खून कैसा? कुंकू है. पूजा का.”

“पासपोर्ट की पूजा?”

“हां. तुम नहीं करते?”

बाई हसल्या. पण पासपोर्ट जारी झाल्याची तारीख आणि ठिकाण, दोन्ही वाचता येत नव्हतं. आता नोटरीसमोर अॅफिडेव्हिट करा, ती तारीख दुसऱ्या कुठल्या तरी कागदावर दाखवा आणि मग या.

“किसने लगाया इतना?”

मी तोंड उघडायच्या आत मावशी म्हणाली, “मैंने.”

परतताना ट्रेनमध्ये मी सांगितलं. “मावशी, तो डाग माझा आहे.”

“माहितीये. मी ओलं लावत नाही.”

“मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?”

“काय बोलायचं? त्याच आठवड्यात तुला नोकरी लागली.” मग खिडकीबाहेर बघत म्हणाली, “मला वाटलं, लागू पडलं.”

तारीख शोधण्यात आठ महिने गेले. ती अखेर सापडली तिच्या पहिल्या इमिग्रेशनच्या कागदावर, मशीनच्या ड्रॉवरमध्ये, बॉबिनांच्या खाली.

मार्चमध्ये अर्ज पुन्हा दिला. त्याच आठवड्यात मावशीने आपलं जाड जॅकेट देऊन टाकलं. “मिरजेत कुठे घालू?”

दोन बॅगा भरून, वजन करून, बेसमेंटमधल्या माझ्या जुन्या पलंगावर ठेवल्या.

मी रोज वेबसाइट बघायचे. अंडर प्रोसेस.

नोव्हेंबरमध्ये थंडी वाढली. मावशी माझं जुनं जॅकेट घालून ग्रोसरीला यायला लागली. बाह्या लांब व्हायच्या, दुमडून घ्यायची. बॅगांविषयी आम्ही दोघीही बोलत नव्हतो.

त्या दिवशी दुपारी जेवून आडवी झाली. चारला मी चहाला गेले, तेव्हा उठली नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय.

वेबसाइट आजही म्हणते, अंडर प्रोसेस.

परवा कुसुममावशीचा फोन आला. या वेळी ती ओरडत नव्हती.

“तिचं काहीच आलं नाही गं इकडे. तो पासपोर्ट तरी पाठवशील? दसऱ्याला मांडेन.”

पासपोर्ट अजून त्या ऑफिसातच आहे.

आज सकाळी त्यांना मेल लिहिली. अर्जदार हयात नाही, अर्ज मागे घेत आहोत, सोबत डेथ सर्टिफिकेट जोडलं आहे. इथवर सगळं नियमात बसतं.

पुढचं बसत नाही. जुना पासपोर्ट परत देताना ते रद्दचा शिक्का मारतात आणि कोपरा कापतात. आत्तापर्यंत ओळखीच्या वीस-पंचवीस लोकांचे अर्ज मी भरले आहेत. एकालाही सूट मिळालेली नाही. उत्तर काय येणार, मला ठाऊक आहे.

मालूमावशी, तू मला घर दिलंस. तुला तुझ्या घरी पोचवायचं माझ्याच्याने झालं नाही. नीट जा.

त्या इंग्रजी मेलच्या शेवटच्या ओळी इथे मराठीत लिहितेय, मावशीच्या ओळखीच्यांसाठी.

हा पासपोर्ट तिच्या बहिणीकडे, मिरजेला जायचा आहे. कृपया त्यावर शिक्का मारू नका. कोपरा कापू नका. आहे तसा परत द्या.