बारदान फाट्यावरची मोजणी

कुंदाबाई सायकल शिकली तेव्हा तिचं वय त्रेचाळीस होतं. वजन विचारायचं नाही. विचारलं की ती आजही चिडते, आणि चिडलेली कुंदाबाई आवरायला तिच्या नवऱ्यालाही जमत नाही, तिथे आपली काय कथा!

जळगावात एमआयडीसीच्या बाजूला डाळमिल आहेत, त्यातल्या एका मिलमध्ये ती तूर निवडायला जाते. नवरा उखर्डू शेअर रिक्षा चालवतो. आता रिक्षावाल्याची बायको म्हटल्यावर माणसाला वाटणार, बाई रोज ऐटीत रिक्षाने जात असेल. कसलं काय! उखर्डू पहाटेच स्टेशनावर पॅसेंजरला जाणार, आणि ही दुसऱ्या कुणाच्या तरी रिक्षात सातवी म्हणून अर्धी आत, अर्धी बाहेर. एके दिवशी रिक्षा भरेपर्यंत निघालीच नाही. हिला दहा मिनिटं उशीर झाला आणि मुकादमाने गेटवरून परत पाठवलं. फुकटचा खाडा! घरी येईपर्यंत तिचा राग इतका चढला होता की समोर कोणीतरी हवं होतं. समोर होती लेकीची सायकल.

दिपमालाला ती आठवीत शाळेतून मिळालेली. पोरगी पुढे नर्सिंग शिकायला चाळीसगावला गेली आणि सायकल ओसरीत राहिली. हँडलवर ओले टॉवेल, कॅरियरवर कांद्याची पिशवी. कुंदाबाईने टॉवेल ओढून काढले, कांदे खाली ठेवले आणि हवा भरायला सायकल घेऊन निघाली.

दिवाळीच्या सुट्टीत दिपमालाने शाळेच्या मैदानावर मागून कॅरियर धरलं. "आई, चाकाकडे बघू नको, पुढे बघ!" आई पुढे बघायची आणि पुढे जे असेल त्याच्यावर जायची. एकदा पेरूवाल्याची गाडीच पुढे होती. उखर्डूने गुडघ्याला हळद लावता लावता सुनावलं, "पोरनी सायकल मोडशी, आन् गुडघा बी फोडशी." तो घरात आपलं अहिराणीच बोलतो. सायकलही मोडली नाही, गुडघाही शाबूत राहिला. महिन्याभरात कुंदाबाई सव्वासात वाजता घरून निघून मिलच्या गेटवर मुकादमाच्या आधी हजर. मुकादम आला की मुद्दाम घंटी वाजवायची.

त्याच मिलमध्ये पोती शिवणारी सितारा शेजारच्या गल्लीत राहते. ती एका दुपारी डबा खाताना हळूच म्हणाली, "अक्का, मला पण शिकवा ना." सिताराचं पाहून आणखी दोघी आल्या. मिलची सुट्टी बुधवारी, म्हणून शिकवणी बुधवारी. हेडमास्तरांनी मैदान द्यायला आढेवेढे घेतले, तर कुंदाबाई सलग तीन बुधवार त्यांच्या ऑफिसबाहेर बाकावर बसून राहिली. चौथ्या बुधवारी हेडमास्तरांनी स्वतः गेट उघडून दिलं. मिलच्या शेठकडे जाऊन तिने सायकली लावायला पत्र्याची शेड मागितली. शेठ म्हणाले, बघू. ही म्हणाली, बघा की, मी इथेच उभी आहे. शेड झाली. आठ वर्षांत त्रेपन्न बायका तिच्या हाताखालून सायकल शिकल्या. कोणी भांडी घासायला जाणारी, कोणी चटईच्या कारखान्यात, कोणी नुसतीच माहेरी जाऊन येणारी. कोणी विचारलं, यात तुम्हाला काय मिळतं, तर कुंदाबाई त्या माणसाकडे कीव आल्यासारखी बघते.

उखर्डू मात्र स्टँडवर गाऱ्हाणं सांगायचा. "माझीच बायको माझ्या पोटावर पाय देते राव! सगळ्या सवाऱ्या सायकलवर बसवल्या!" सांगताना हसू दाबायचा, ते स्टँडवर सगळ्यांना दिसायचं.

आणि मग बारदान फाट्याचं निघालं.

वस्ती हायवेच्या अलीकडे, मिल पलीकडे. मधे बारदान फाटा. तिथे जुन्या पोत्यांची दुकानं आहेत म्हणून ते नाव. दुभाजकाला तिथे एक फट होती, तीतून सगळ्या सायकली रस्ता ओलांडायच्या. एका सकाळी फटीजवळ सिमेंटचे ठोकळे येऊन पडले. मजूर म्हणाले, ही बंद होणार, आता दोन किलोमीटर पुढून पुलाखालून वळून या. ट्रकच्या बाजूबाजूने दोन किलोमीटर! शाळेच्या मैदानावर शिकलेल्या बायका त्या. सिताराने सरळ सांगून टाकलं, "माझ्याने नाही व्हायचं, अक्का. घरचे पाठवणारच नाहीत. पुन्हा आपली रिक्षा." आठ वर्षांचं केलेलं सगळं त्या चार ठोकळ्यांखाली जाणार होतं.

ती रस्त्याचं काम बघणाऱ्या ऑफिसात गेली. एकदा साहेब साइटवर, एकदा मीटिंगमध्ये. तिसऱ्यांदा भेटले. माणूस तसा वाईट नव्हता. फाइल उघडून म्हणाले, "बाई, तिथून सायकली जातातच कुठे? आमच्या मोजणीत दोन तासांत अडतीस आल्या."

"मोजणी कधी केली साहेब?"

"दुपारी बारा ते दोन."

"बारा ते दोन आम्ही तूर निवडतो," कुंदाबाई म्हणाली. "सकाळी सात ते नऊ या. मग मोजा."

साहेबांनी तिच्याकडे नीट बघितलं. मग कॅलेंडरकडे बघून विचारलं, "कोणत्या दिवशी येऊ?"

"बुधवारी या!" ती पटकन म्हणाली. साहेबांनी लिहून घेतलं. दोनशे सायकली दिसल्या तर फट ठेवायचा विचार करू, म्हणाले. कुंदाबाई ऑफिसच्या पायऱ्या उतरली तेव्हा तिच्या अंगावर मूठभर मांस चढलं होतं. दिपमालाला फोन, सिताराला फोन, रस्त्यात भेटेल त्याला बातमी.

मंगळवारी संध्याकाळी पाच वाजता वॉचमनने मिलचं गेट लावता लावता रोजच्यासारखी आरोळी दिली, "उद्या सुट्टी हो! परवा या!"

कुंदाबाईचा एक पाय पेडलवर, एक जमिनीवर, तशीच ती उभी राहिली. अगं बाई! आठ वर्षं तिची सगळी कामं बुधवारी. शिकवणी बुधवारी, हेडमास्तर बुधवारी, शेठ बुधवारी. तिला मोकळा दिवस तो एकच, म्हणून तोंडातून तोच निघाला. आणि बुधवारी नुसती तिलाच नाही, सगळ्या मिलना, कारखान्यांना सुट्टी! उद्या सात ते नऊ फाट्यावर कुत्रंही फिरकणार नव्हतं, आणि साहेब वही घेऊन येणार होते. ऑफिसला फोन लावला. नुसता वाजत राहिला.

घरी येऊन तिने डोळ्याला पदर लावला आणि कोपऱ्यात बसली. उखर्डूने सगळं ऐकून घेतलं. हसला नाही, हे त्याचे उपकार. "तू कसाले रडस?" तो म्हणाला. "ऊठ. बस रिक्षामा. बठ्ठासले सांगी येऊत."

मग सगळ्यांना सांगायला ती दोघं गल्लोगल्ली फिरली. उखर्डू रिक्षा थांबवायचा, हॉर्न द्यायचा, आणि आपल्या सवाऱ्या पळवणाऱ्या सायकलींसाठी घसा फोडून ओरडायचा, "उद्या सात वाजता फाट्यावर! सायकल घेऊन या!" ऐकणाऱ्यांना आधी ही थट्टाच वाटली. सिताराने वर आणखी डोकं चालवलं. सगळ्यांनी डबे लटकवून यायचं, कामाला निघाल्यासारखं दिसलं पाहिजे. कुंदाबाईला ते ऐकून कसंसंच झालं.

बुधवारी माणसं आली. एकच सुट्टीचा दिवस, पण उठून आली. त्रेपन्नपैकी एक्केचाळीस बायका, त्यांचे नवरे, दीर, भाचे. साहेब पोत्याच्या दुकानापुढे खुर्चीवर बसले होते. शेजारी कारकून वहीत चार उभ्या रेघा, पाचवी आडवी, अशा ओढत होता. आठ वाजता तो म्हणाला, "साहेब, दोनशे सत्तर."

साहेब हसले. "बाई, तुम्ही जिंकलात."

सितारा टाळ्याच पिटायला लागली. कुंदाबाई मात्र रस्त्याकडे बघत होती. लाल शर्टातला एक पोरगा चौथ्यांदा फटीतून गेला. त्याच्या हँडलला लटकवलेला डबा रिकामा खडखडत होता. तिच्याने राहवलं नाही. गेटवरून परत पाठवलं म्हणून जी बाई आठ वर्षांपूर्वी भर रस्त्याने रागाने चालत आली होती, ती आता खोट्या रेघांवर जिंकून गप्प कशी बसणार?

"साहेब," ती म्हणाली, "आज मिलला सुट्टी आहे. बुधवार माझ्या तोंडून चुकून गेला. ही माणसं मी बोलावलीत. आणि तो लाल शर्ट चारदा मोजलाय तुम्ही."

कारकुनाचं पेन थांबलं. उखर्डूने कपाळावर हात मारला. साहेबांचा चेहरा उतरला, मग लाल झाला. "म्हणजे माझी सकाळ वाया घालवलीत." त्यांनी वही घेतली, पानावर एक लांब तिरपी रेघ मारली आणि जीपमध्ये बसले.

"उद्या या साहेब!" कुंदाबाई जीपमागे चार पावलं धावली. "उद्या खरी मोजणी होईल!"

"उद्या मला मीटिंग आहे," साहेब म्हणाले, आणि जीप गेली.

मग जे व्हायचं ते झालं. सुट्टी मोडून आलेल्या बायका तिला वाट्टेल ते बोलल्या. सिताराने आवाजही चढवला नाही, ते जास्त लागलं. "बोलला नसतात तर काय बिघडलं असतं?" एवढंच जाता जाता म्हणाली, तेही सायकलकडे बघत. उखर्डूने दिवसभर विषय काढला नाही. कुंदाबाईला वाटत होतं, त्याने तरी रागवावं.

गुरुवारी सव्वासातला ती निघाली. मनाशी म्हणत होती, ठोकळे लागेपर्यंत तरी जाऊन घेऊ. फाट्याजवळ नेहमीची गर्दी होती. दूधवाले, चटई कारखान्याची पोरं, तिच्या बायका. आणि पोत्याच्या दुकानापुढे तीच खुर्ची, तोच कारकून, मांडीवर वही. साहेब समोरच्या टपरीवर चहाचा ग्लास धरून उभे. कोणी कोणाला सांगितलेलं नव्हतं. बोलावणं कोणाला नव्हतं.

कुंदाबाईने करकचून ब्रेक दाबला. उतरायला पाय खाली टाकला, तसा कारकून ओरडला, "ओ बाई, थांबू नका! चला पुढे, मोजणी चालू आहे!"

तिने पाय पुन्हा पेडलवर ठेवला. आठ वर्षं ती सगळ्यांच्या पुढे उभी राहून बोलत आली होती. आज ती गर्दीतली एक होऊन फटीतून गेली, आणि कारकुनाने एक उभी रेघ ओढली. पलीकडे पोहोचल्यावर तिचे डोळे भरून आले. तरी थांबली नाही. थांबली असती तर पुन्हा खाडा.

संध्याकाळी ती परत आली तेव्हा साहेब तिथेच जीपजवळ उभे होते. कामावरून सुटलेल्या बायका तिच्या मागे होत्या, सितारासुद्धा.

"मीटिंग होती ना साहेब?" कुंदाबाईने विचारलं.

"होती. दुपारी होती." साहेबांनी वही उघडली. "बाई, तुमच्या बोलावलेल्या माणसांचा आकडा दोनशे सत्तर. आज सात ते नऊ, न बोलावता, सहाशे अठरा."

कुंदाबाईला आधी कळलंच नाही. सहाशे अठरा! तिला वाटलं होतं, सायकली म्हणजे आपण आणि आपल्या त्रेपन्न. पलीकडच्या खेड्यांतून येणारे, दुसऱ्या मिलमधले, ज्यांची नावं तिला ठाऊक नव्हती आणि ज्यांना तिचं नाव ठाऊक नव्हतं, ते सगळे त्याच फटीतून रोज तिच्या आगेमागे जात होते. सितारा पुढे आली आणि भर रस्त्यात तिच्या गळ्यात पडली. दोन्ही सायकली धाडकन खाली. "अक्का, बरं झालं बोललात," ती म्हणाली आणि रडायला लागली.

ठोकळे उचलले गेले. तीन महिन्यांनी तिथे रस्त्यावर पांढरे पट्टे आले, लुकलुकणारा पिवळा दिवा आला आणि सायकलचं चित्र असलेला एक फलक आला. फलकावर कुंदाबाईचं नाव नाही. असायचं कारणही नाही, सरकारी फलक तो.

पण सकाळी साडेसातला उखर्डूची रिक्षा पॅसेंजर भरून फाट्यावर येते, तेव्हा बघावं. पट्ट्यांच्या अलीकडे तो रिक्षा थांबवतो, एंजिन बंद करतो. आतला कोणी घाईतला ओरडतो, "अहो, निघा ना, सायकली जातील कुठून तरी!" उखर्डू मागे वळतो. घरात अहिराणी बोलणारा हा माणूस, तेव्हा अगदी शुद्ध मराठीत, एकेक शब्द तोलून सांगतो, "थांबायचं. हा रस्ता माझ्या बायकोने ठेवलाय."

आणि शेवटची सायकल पलीकडे जाईपर्यंत तो रिक्षा चालू करत नाही.