आफ्रिकेहून आलेले चतुर

चतुर, म्हणजे पाण्यावर भिरभिरणारा तो लांब शेपटीचा किडा, मेला आणि वाळला की त्याचा रंग जातो. लालभडक असतो तो विटकरी होतो, निळा काळपट पडतो, आणि डोळे शिजवलेल्या मसुरासारखे दिसायला लागतात. हे मला वेळेवर कोणी सांगितलं असतं तर पुढचा घोळ एवढा लांबला नसता. पण सांगणार कोण? शिरूरच्या कॉलेजात प्राणिशास्त्राला आम्ही दोनच माणसं, विभागप्रमुख आणि मी. विभागप्रमुखांना कीटक म्हटलं की झुरळ तेवढं आठवायचं, कारण ते प्रॅक्टिकलला असतं.

मी नोकरीत कच्ची होते. दर जूनला नवी ऑर्डर, दर एप्रिलला जिवाला घोर. एम.फिल. झालं तर कायम करू, असं प्राचार्यांनी सांगितलं होतं, म्हणून मी पुण्याच्या एका सरांकडे नाव नोंदवलं. विषय मात्र दादामुळे मिळाला.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. दौंड तालुक्यातल्या एका साखर कारखान्यात केमिस्ट होता. नव्वदच्या दशकात आपल्याकडचे बरेच साखरवाले आफ्रिकेत जायला लागले, त्यात हाही युगांडाच्या एका कारखान्यात गेला. जाताना म्हणाला, "तुला काय आणू?" मी म्हटलं, "किडे आण. चतुर आण." आईनं कपाळावर हात मारला. "लोकांच्या बहिणी सोनं मागत्यात, आन् हिला किडं पाहिजेत!"

पण त्यानं खरंच पाठवले. सुट्टीवर आलेल्या त्याच्या एका सोबत्यानं बिस्किटाचा मोठा पत्र्याचा डबा आणून दिला. आत डांबरगोळ्यांचा भपकारा आणि कागदाची तिकोनी पाकिटं. प्रत्येक पाकिटात एक किडा, वर पेन्सिलीनं गावाचं नाव आणि महिना. वर्ष लिहायचं त्याला सुचलं नव्हतं आणि मलाही सांगायचं सुचलं नव्हतं. डबा उघडून मी रात्रीचं जेवण विसरले. चतुर होते, त्यांच्या नाजूक बहिणी टाचण्या होत्या, आणि जाळीदार पंखांचे ते दुसरे, ज्यांची पिल्लं मातीत खड्डा करून मुंग्या धरतात. त्यातल्या काहींचे पंख माझ्या बोटाएवढे लांब, त्यांवर तपकिरी ठिपके. असला माल शिरूरमध्ये कोणाच्या बापानं पाहिला होता?

सर डबा बघून खूश झाले. म्हणाले, "यावरच करा. पण एक पक्कं लक्षात ठेवा. किडा कुठला, हे नक्की हवं. गाव चुकलं की किडा केराच्या टोपलीत."

मग काम सुरू झालं. हे काम बाहेरून बघणाऱ्याला वेड्याचा बाजार वाटतं. भिंग घेऊन पंखाच्या कडेवरच्या आडव्या शिरा मोजायच्या. नराच्या शेपटीच्या टोकाला चिमटा असतो, तो वाकडा की सरळ ते बघायचं. टाचणीला टाचणी टोचायची नाही, कागदातच ठेवायची, नाहीतर मोडते. आणि शेजारी पुस्तक, आफ्रिकेच्या चतुरांचं, सरांकडून आणलेलं, झेरॉक्स. त्यात जोडीजोडीनं प्रश्न असतात: असं असेल तर या पानावर जा, तसं असेल तर त्या पानावर. उत्तरं देत देत गेलं की शेवटी नाव सापडतं. सापडलं की मी लॅबमध्ये एकटीच "हां!" म्हणून ओरडायची. नाव लागलेला किडा मोठ्या डब्यात, आपापल्या जातवाल्यांच्या शेजारी ठेवायची. आयुष्यात इतकी सुखी मी फार कमी वेळा होते.

पुढच्या वर्षी डबे दौंडला यायला लागले. मी सुट्टीला घरी गेले की आई द्यायची. "कारखान्याचा माणूस आला हुता, दिऊन गेला." कोण माणूस, कसा दिसतो, मी कधी विचारलं नाही. किड्यांपुढे मला माणसं दिसत नव्हती. दादाचा फोनही शिरूरला माझ्या घरमालकांकडे यायचा. आवाज कसा खणखणीत! मी म्हणायची, "दादा, तिकडची लाइन भारी आहे रे. आमच्याकडून दौंडला लावला तरी एवढं नीट ऐकू येत नाही." तो म्हणायचा, "हां, नवीन टाकलीय."

अशाच एका डब्यात तो चतुर निघाला. लहानसा, सगळा तपकिरी, पंखांवर मळकट पिवळी झाक. प्रश्नांची उत्तरं देत मी एका आफ्रिकी चतुरापाशी पोचले, पण जमेना. पुस्तकातल्याच्या पंखावरचा रंग अर्ध्यावर थांबतो. याचा पार पुढे, टोकाजवळच्या ठिपक्यापर्यंत गेलेला. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा तिथंच. एक नाही, तसली पाच-सहा पाकिटं होती आणि सगळी पुस्तकाबाहेरची.

आता तुम्हीच सांगा, माझ्या जागी तुम्ही काय समजला असता? मी समजले की ही नवी जात आहे. जगात कोणी न पाहिलेली, आणि शिरूरच्या लॅबमध्ये माझ्या भिंगाखाली. स्टाफरूममध्ये मी पेढे वाटले. नव्या जातीला शोधणारा नाव देतो. मी दादाचं नाव द्यायचं ठरवलं, शेवटी लॅटिन शेपूट लावून. पुढच्या फोनला त्याला सांगितलं. तो म्हणाला, "नको गं. उगं कशाला." मला वाटलं, लाजला. किती गोड माझा भाऊ! खरं सांगायची एवढी मोकळी वाट मी त्याला करून दिली होती, आणि तो "नको गं" म्हणून फोन ठेवून मोकळा झाला.

सरांनी चतुर पाहिला, फिरवून पाहिला, आणि विचारलं, "भारताचं पुस्तक उघडलंत का?"

"सर, आफ्रिकेचा आहे तो. भारताचं कशाला उघडू?"

"नवीन म्हणायच्या आधी सगळी दारं वाजवायची असतात."

मी जरा रागातच ते जुनं पुस्तक घेऊन वाचनालयात बसले. पंधरा मिनिटंसुद्धा लागली नाहीत. नाव, चित्र, पंखावरचा रंग, सगळं तंतोतंत. भारतभर सापडतो. घाण पाण्याची डबकी, गटारं, नाले ही त्याची आवडती जागा. आफ्रिकेत नाही. आणि जिवंतपणी कसा दिसतो, तर नारिंगी. अरे देवा, नारिंगी! शिरूरच्या एसटी स्टँडामागच्या नाल्यावर जो ढिगानं बसलेला असतो तो! रोज मी त्याच्यावरून नाक दाबून जात होते. वाळून तपकिरी झाला, आणि पाकिटावर आफ्रिका लिहिलं, एवढ्यावर मी त्याला ओळखला नाही.

आधी वाटलं, माझ्याच हातून पाकिटांची गल्लत झाली असणार. पण आईकडून आलेला शेवटचा डबा मी अजून मोठ्या डब्यात मिसळला नव्हता. शिरूरला येऊन तो सगळा भारताच्या पुस्तकाशी लावला. एकेक करत जवळजवळ सगळे बसले. काही दोन्हीकडे सापडणारे होते, पण फक्त आफ्रिकेचा म्हणावा असा एकच निघाला. बाकी सगळं आपलं गावरान. मग डोक्यात अशी तिडीक गेली की लॅबला कुलूप न लावताच मी दौंडची एसटी धरली.

आई भाकरी थापत होती. आप्पा, म्हणजे वडील, ड्यूटीवरून येऊन रेल्वे क्वार्टरच्या दारात पेपर वाचत होते. मी चप्पलसुद्धा काढली नाही.

"दादा कुठंय?"

"कुठंय म्हंजी? आफ्रिकेत."

"आई, माझ्या डोळ्यांत बघून सांग."

आई भाकरीकडेच बघत राहिली. आप्पांनी पेपरची घडी केली. "सांगून टाक आता. तिला कळलंय."

"कोरेगावला हाय," आई म्हणाली. "भीमा कोरेगाव. तिथं कंपनीत लागलाय."

"कवापासनं?"

"झालं की, वरीस हुईल."

तिकडच्या कारखान्यानं करार पुढे वाढवला नव्हता. जाऊन वर्ष होतं न होतं तोच तो परत आला होता. कोरेगाव भीमा! सरांकडे पुण्याला जाताना माझी एसटी तिथंच तर थांबायची. खिडकीतून मी तिथं भेळ घेतली होती. फोनवरचा खणखणीत आवाज तिथल्या एसटीडी बूथमधून येत होता. आईला माहीत, आप्पांना माहीत, मामाला माहीत. मला तेवढं नाही.

"का पण? मी काय घोडं मारलं होतं तुमचं?"

तेव्हा आई उसळली. "तुझ्याचसाठी केलं! तुझी स्थळं चालल्यात. भाऊ फारिनला हाय म्हटल्यावर माणसं दोन घटका बसत्यात तरी. आन् तुला सांगितलं असतं तर? आल्यागेल्याला सांगत सुटली असतीस. तुझ्या तोंडाला झाकण हाय का कुठं?"

मला तोंडात मारल्यासारखं झालं. कारण पाहुण्यांपुढे पोह्यांचा ट्रे घेऊन मीच सांगायची, भाऊ युगांडाला असतो म्हणून. किती अभिमानानं सांगायची! आईला तसं जमलं नसतं, आप्पांना तर नाहीच. माझ्याइतकं छान खोटं घरात कोणालाच बोलता आलं नसतं, कारण मला ते खरं वाटत होतं. माझ्याच माणसांनी माझा मामा केला होता, आणि वर म्हणे माझ्यासाठी. जे स्थळ जवळजवळ ठरत आलं होतं त्यांना मी दुसऱ्या दिवशी स्वतः जाऊन खरं सांगितलं. "कळवतो" म्हणाले. अजून कळवताहेत.

त्या रविवारी मी मोठा डबा मांडीवर घेऊन कोरेगाव भीमाला उतरले. हायवेलगतच्या चाळीत दादाची खोली होती. दारात मला बघून त्याचा चेहरा पडला, मग त्यानं हसायचा प्रयत्न केला. "आईचा फोन आला हुता. ये की. च्या टाकू?"

"चहा नको."

तो कॉटवर बसला. वाळला होता. मला त्याची दया येत होती, आणि दया येते म्हणून स्वतःचाच राग येत होता.

"मला तोंड दाखवायला लाज वाटत हुती गं," तो म्हणाला. "आन् आई म्हणाली, लग्नापर्यंत गप्प बस. पण तुझं एम.फिल. अडू दिलं का मी? सुट्टीच्या दिवशी नदीवर जायचो, मच्छरदाणीची जाळी घिऊन. लोक हसायचे. तिकडनं आणलेले थोडे शिल्लक हुते, ते मधीमधी घालत गेलो." आणि मग तो अगदी मनापासून म्हणाला, "किडं तर खरेच हुते ना?"

मी डबा त्याच्यासमोर उघडला. माझ्या दोन वर्षांचं काम त्यात होतं. जातीनुसार लावलेलं, त्यामुळे खरं पाकीट आणि खोटं पाकीट मांडीला मांडी लावून बसलेलं. दोन्हींवर तेच अक्षर, तीच पेन्सिल, तेच आफ्रिकी गाव. ज्या जाती दोन्ही देशांत सापडतात, त्यांच्या पंखांवर मुक्काम लिहिलेला नसतो. ते एकट्या दादालाच माहीत होतं. त्यानं खरं निवडून दिलं तर थोडं तरी वाचणार होतं, नाहीतर विषय गेला, आणि जूनमध्ये नोकरीही.

"निवड," मी म्हटलं. "तिकडचे एका बाजूला, इकडचे एका बाजूला."

"एवढंच ना?" तो उत्साहानं खाली बसला. चादरीवर दोन ढीग करायला लागला. हा तिकडचा. हा इकडचा. हा तिकडचा, उसाच्या फडात धरला हुता. मी प्रत्येक पाकिटाबरोबर श्वास सोडत होते. वाटायला लागलं, वाचेल, निम्मं तरी वाचेल.

मग एक टाचणी आली. दोन्हीकडे सापडणारी, साधी निळी. त्यानं पाकीट उघडलं, पाहिलं, मिटलं. पुन्हा उघडलं. आणि मान वर करून माझ्या तोंडाकडे पाहिलं. तोंडी परीक्षेत उत्तर न येणारा मुलगा बाहेरून आलेल्या परीक्षकाकडे बघतो, तसं. माझ्या चेहऱ्यावर काय दिसलं कोण जाणे. त्यानं पाकीट हळूच आफ्रिकेच्या ढिगावर ठेवलं.

"कुठली ही, दादा?"

"तिकडचीच. आईशप्पथ."

मी खाली वाकले आणि दोन्ही हातांनी दोन्ही ढीग ओढून डब्यात लोटले.

"अगं ए! मिसळलं की सगळं!" तो ओरडला. खरंच चिडला होता तो. "मगाधरनं निवडतोय मी! एवढाबी इश्वास न्हाई व्हय सख्ख्या भावावर?"

"न्हाई," मी म्हणाले, आणि मला जे रडू फुटलं ते शिरूर येईपर्यंत थांबलं नाही.