विशे मॅडमचा राग

विशे मॅडम रागावल्या की आवाज चढवत नसत. चष्मा काढून टेबलावर ठेवत आणि ऑफिसची भाषा सोडून आपल्या गावची, सापगावची बोली बोलू लागत. आटगावजवळच्या आमच्या सिरिंजच्या कारखान्यात त्या प्रयोगशाळेच्या प्रमुख होत्या, मी त्यांच्या हाताखाली.

तयार सिरिंज निर्जंतुक करायला गॅमा किरणांखाली जातात. जंतू मरतात, पण प्लास्टिकही ठिसूळ होतं. टोकावड्याकडच्या एका दवाखान्यात मॅडमची बहीण नर्स होती. एका लहान मुलीला इंजेक्शन देताना बहिणीच्या हातातच आमची सिरिंज चिरली. मुलगी वाचली, पण मॅडमचा राग तेव्हापासून शमला नाही. "किरणांचा काय दोष? आमीच तकलादू माल धाडतो," त्या म्हणत.

प्लास्टिक ठिसूळ होऊ नये म्हणून त्यांनी हिरड्याचा अर्क काढून प्लास्टिकच्या दाण्यांत मिसळायला सुरुवात केली. कितीतरी खेपा फसल्या. शेवटी एक जमली: किरण खाऊनही सिरिंज दाबल्यावर नुसती वाकली, तडकली नाही. फक्त तिच्यावर किंचित पिवळी झाक आली.

"गिऱ्हाइकाला पांढरं लागतं, मॅडम," मालक म्हणाले.

"आणि मोडकं चालतं?"

मॅडम रजेवर असताना मालकांनी अर्क बंद केला आणि खोक्यांवर मात्र हिरड्याचं हिरवं पान छापलं. पुढे एका मोठ्या इस्पितळाचे लोक माल बघायला आले. मालक हिरड्याचं कौतुक सांगत होते. मॅडमनी तो माल आधीच तपासला होता. त्यांनी चष्मा काढला आणि दोन सिरिंज पाहुण्यांपुढे ठेवल्या.

"ही पिवळी माझी, ही पांढरी यांची. दोन्ही किरणांतून आल्यात. तुमीच दाबून बघा."

पांढरी त्यांच्या बोटांत तडकली.

"यात हिरडा नाय. नुसतं त्याचं नाव हाय."

इस्पितळाने माल नाकारला. संध्याकाळी मॅडमना उद्यापासून येऊ नका, असं सांगण्यात आलं.

आता त्या मुरबाडला कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतात. परवा भेटायला गेलो. चहा घेता घेता मी सांगितलं, की तो नाकारलेला माल मालकांनी लहान दवाखान्यांना स्वस्तात विकला.

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"कुठल्या दवाखान्यांना?"

मला माहीत नव्हतं.

"मग शोध जा. हितं चहा काय पीत बसलास?"

अर्धा कप तसाच ठेवून मी उठलो.