शालिकराम परात्यांच्या हातावरचं पदक

आजारी पडणं हे शालिकराम पराते यांना शोभत नसे, असं त्यांचंच मत होतं. तरुणपणी तांडापेठेच्या आखाड्यात त्यांनी तीन कुस्त्या मारल्या होत्या. चौथीत काय झालं, ते कधी सांगत नसत. पण एकोणीसशे एकाहत्तरच्या श्रावणात त्यांचा उजवा डोळा लाल झाला आणि मागावर बसलं की ताण्याचे उभे धागे धुक्यातून दिसू लागले. साडीचे बारीक काठ विणण्यावर तर घर चालायचं.

दवाखान्यातल्या डॉक्टरांना क्षयाची शंका आली.

"डोळ्याले टीबी?" शालिकराम हसले. "मले तं साधा खोकला नाही, साहेब!"

डॉक्टरांनी हातावर क्षयाच्या तपासणीची बारीक सुई टोचली, भोवती पेनानं गोल काढला. "तीन दिवसांनी हात दाखवायला या. त्यावरून औषध ठरवू."

तिसऱ्या दिवशी तिथं लालभडक, टणक गाठ उठली. वर फोड. शालिकरामांनी काठ मोजायची पट्टी लावली. चांगली इंचभर! लगेच बाही वर करून ते आखाड्याच्या ओट्यावर जाऊन बसले.

"हे तं पदकच भेटलं गा तुले!" शेजारचे चंपतराव म्हणाले.

"मंग! रोगानं डोकं वर काढलं, अन् अंगानं उचलून आपटला. असल्या अंगाले औषध काहून पाहिजे?"

"अजी, डॉक्टरले दाखवून तं या," बायको गोपिका रोज म्हणायची.

"पैलवानाले कोनी दवाखान्यात नेते का वं?"

ती गाठ सगळ्या गल्लीनं पाहिली. डॉक्टरांनी तेवढी पाहिली नाही.

दिवाळीनंतर गोपिकेनं हाताला धरून नेलं, तेव्हा उजव्या डोळ्याला बॅटरीचा उजेडही कळत नव्हता. डॉक्टरांनी हातावरच्या व्रणावरून बोट फिरवलं.

"जंतू थोडेच असतील, शालिकराम. पण तुमचं अंग त्यांच्यावर भलतंच चिडतं, हे ती गाठ सांगत होती. त्या चिडण्यानंच डोळा जाळला. औषध तेव्हाच सुरू व्हायला हवं होतं."

"म्हणजे कुस्ती मीच मारली," शालिकराम हळूच म्हणाले, "अन् आखाडा जळाला."

डावा डोळा वाचवायला रोज औषधाची सुई सुरू झाली. त्यांनी एक दिवस चुकवला नाही. रविवारी दवाखाना बंद असे, तरी दाराला हात लावून येत. उजवीकडचा काठ आता गोपिका धागा धागा मोजून द्यायची.

पाहुणे आले की चंपतराव हाक मारत, "दाखव ना गा ते पदक!"

शालिकराम बाही मनगटापर्यंत ओढून घेत आणि मागावरचा धोटा चाचपू लागत.