गोणीएवढा देश
कांद्याच्या टरफलांचा वास आला की लासलगावच्या व्यापाऱ्याचं खळं आठवतं. पंचवीस-तीस वर्षं झाली. वर पत्रा तापलेला आणि आम्ही बाया सकाळपासून वाकून मालदीवला जाणारा कांदा निवडत होतो. मुकादम म्हणाला, "तिथं समुद्रात नुसती वाळू हाय, कांदा पिकत नाय. परदेशी लोकं पडून राहायला येत्यात, त्याच्यावर देश चालतो." शेजारच्या मावशीनं कंबर धरली. "पडून राहायचे पैसे देत्यात? लय भारी देश हाय!" असं म्हणत ती तिकडं जाणाऱ्या गोण्यांवरच आडवी झाली आणि तिचा डोळा लागला. मुकादम खाकरला, मग दुसरीकडं बघत राहिला. परवा कंबर चोळत नातवाच्या नकाशात तो देश शोधला. टाचणीच्या टोकाएवढा निघाला. मला तर तो चांगला गोणीएवढा आठवत होता.