दुपट्ट्याखालचे दोन आकडे

सकाळी नऊच्या सुमारास एक बाई हातात थर्मास घेऊन माझ्या केबिनच्या दारात उभ्या राहिल्या. नोकरीत मी खून पाहिले, दंगल पाहिली, पण भीती म्हटलं की मला अजून तो थर्मासच दिसतो.

मी तेव्हा वर्धा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या ठाण्यात ठाणेदार होतो. मे महिना होता. बाईंचे यजमान एका गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक होते. आदल्या संध्याकाळी गाय आजारी आहे म्हणून कोणाचा तरी फोन आला, ते गेले आणि परतलेच नाहीत. रात्री ठाण्यात हरवल्याची नोंद झाली होती. पहाटे त्यांची मोटरसायकल कालव्याच्या रस्त्यावर नीट स्टँडवर लावलेली सापडली. हेल्मेट आरशाला अडकवलेलं. अपघात होऊन पडलेला माणूस हेल्मेट अडकवून ठेवत नाही. त्यांना कोणीतरी नेलं होतं.

थर्मासमध्ये बर्फ होता आणि बर्फात इन्सुलिन.

"साहेब, त्यायची सुई घरीच राह्यली," बाई म्हणाल्या. "कालची रातची गेली, आजची सकाळचीबी गेली. तुमाले ते सापडले की पयले हे द्याजा."

मी सेवाग्रामच्या दवाखान्यातल्या ओळखीच्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी वय विचारलं, कधीपासून सुई घेतात ते विचारलं. म्हणाले, या प्रकारच्या रुग्णाचं शरीर स्वतः इन्सुलिन बनवतच नाही. त्यात हे ऊन. पाणी मिळत नसेल तर आज संध्याकाळच्या पुढे मी खात्री देणार नाही.

कारण शोधायला फार लांब जावं लागलं नाही. कानातले ओळखीचे बिल्ले कापलेली चोरीची जनावरं कोणीतरी जिल्ह्याबाहेर नेत होतं, आणि त्यांना तपासणीचा दाखला द्यायला या गृहस्थांनी दोनदा नकार दिला होता, असं बाईंनी सांगितलं. कोणाला, ते त्यांनी घरी सांगितलं नव्हतं. घरच्यांना भीती वाटू नये म्हणून माणसं नाव गिळतात, आणि नेमकं तेच नाव आम्हाला हवं असतं.

खबर दहा वाजता आली. त्या दिवशी बैलबाजार होता. पेरणीच्या आधीचा बाजार, त्यामुळे गर्दी. बाजारातला एक चहावाला माझा जुना खबऱ्या. त्यानं फोनवर एवढंच सांगितलं, की ते दोन दलाल, एक उंच आणि एक बुटका, जे गेली दहा वर्षं एका कपातला चहा अर्धा अर्धा पितात, ते आज दोन टोकांना उभे आहेत. "एकमेकाकडे पाहूनबी नाई राह्यले साहेब. भांडन झालं म्हनावं तं तोंडं तशी नाई." खबरीत नेहमी काय घडलं ते ऐकू नये, रोज घडणारं काय घडलं नाही ते ऐकावं. अकरा वाजता दोघांना ताब्यात घेतलं आणि स्टेशन डायरीत नोंद केली. दोघांच्या मोबाईलवरून आदल्या संध्याकाळी एका तिसऱ्याच नंबरवर पुन्हा पुन्हा फोन गेले होते. तो नंबर आता बंद होता. गाय आजारी असल्याचा फोन त्याच नंबरवरून आला होता, आणि बंद होण्याआधी त्याचं शेवटचं लोकेशन कालव्यापलीकडच्या एका टॉवरखाली होतं.

त्या टॉवरखालच्या शिवारात माणूस कोंडता येईल अशा जागा किती, हे तलाठी आणि कोतवालाला बसवून काढलं. शेतातले गुरांचे कोठे, एक बंद पडलेलं कोंबड्यांचं शेड, पंपघर, अशा नऊ जागा निघाल्या. तुम्ही म्हणाल, मग नऊच्या नऊ तपासायच्या. मे महिन्यात आमच्याकडे शेतं मोकळी असतात. जीप पांदणीच्या कच्च्या वाटेला लागली की तिची धूळ दोन कोसांवरून दिसते. चुकीच्या जागी गेलो असतो तर त्या बंद नंबरवाल्या तिसऱ्या माणसाला सगळं कळलं असतं, आणि त्यानं काय केलं असतं याचा विचार मी करत नव्हतो. करत होतो खरं म्हणजे. दर पाच मिनिटांनी करत होतो. आम्हाला एकदाच जायला मिळणार होतं.

दोघांना वेगळ्या खोल्यांत ठेवलं. माझा उपनिरीक्षक पश्चिम महाराष्ट्रातून नवीन आलेला, हुशार मुलगा. त्यानं उंच दलालावर नेहमीची चाल टाकली. म्हणाला, तुझ्या जोडीदारानं सगळं कबूल केलंय, 'मी त्याच्यासोबत गेलो होतो' असं त्यानं स्वतःच्या तोंडानं सांगितलंय.

उंच दलाल तोवर घामानं भिजलेला होता. हे ऐकलं आणि तो चक्क सैल होऊन भिंतीला टेकला.

"तो 'गेलतो' म्हनते साहेब," तो म्हणाला. "'गेलो होतो' तं मास्तर म्हनते."

उपनिरीक्षक लाल झाला. बाहेरच्या हवालदाराला हसू आवरेना. मला मात्र हसू आलं नाही. आता आम्ही खरं सांगितलं असतं तरी त्याला ते खोटंच वाटलं असतं. एक चाल गेली, आणि घड्याळात साडेबारा झाले होते.

हवालदारानं मला बाजूला घेऊन विचारलं, साहेब, दुसरा उपाय करू का? दुसरा उपाय म्हणजे काय ते सांगायची गरज नाही. मी नको म्हणालो. कायदा आहेच, पण त्या दिवशी व्यवहारही तेच सांगत होता. मार खाणारा माणूस मार थांबेल ते सांगतो, आणि नऊपैकी कोणतीही जागा सांगितली तरी मार थांबतोच.

मग मी स्वतः बुटक्यासमोर जाऊन बसलो. प्रश्न विचारले नाहीत. पाणी दिलं आणि मीही प्यालो. पेला खाली ठेवत तो म्हणाला, "मी गुन्हेगार नाई साहेब. फक्त धमकी द्याची होती. दोन तासानं सोडनार होतो." मग का सोडलं नाही, असं विचारल्यावर त्यानं दाराकडे पाहिलं आणि हळूच सांगितलं. तिसऱ्यानं दोघांना बैलाच्या शिंगावर हात ठेवून आण घ्यायला लावली होती. त्याचं नाव किंवा जागा, याबद्दल तोंडातून शब्द काढायचा नाही. जो पहिला बोलेल त्याच्या घरी तो जाणार होता. बुटक्याच्या घरी दोन मुली होत्या, उंचाच्या घरी म्हातारे आईबाप. तिसऱ्याचं नाव मात्र त्यानं घेतलं नाही, जागाही सांगितली नाही.

इथे मला थोडं माझ्याबद्दल सांगावं लागेल. आमच्या घराण्यात पदवी घेतलेला मी पहिला. बी.ए.ला अर्थशास्त्र होतं. शेवटच्या वर्षाच्या पुस्तकात खेळ सिद्धांताचं एक प्रकरण होतं. परीक्षेला येत नाही म्हणून प्राध्यापकांनी ते सोडून दिलं. मी वाचलं, कारण विकत घेतलेलं पुस्तक अर्धं टाकायची आमच्या घरात पद्धत नव्हती. त्यातलं एक वाक्य मला समजलं होतं: दोन खेळाडू अशा जागी येतात, की एकट्यानं चाल बदलली तर बदलणाऱ्याचंच नुकसान होतं. म्हणून दोघंही तिथेच बसून राहतात. त्याला समतोल म्हणतात. शब्द चांगला आहे, पण समतोलात बसलेली माणसं सुखात असतातच असं नाही. माझ्या ठाण्यातल्या दोन खोल्यांत तो समतोल घामानं निथळत बसला होता.

दोघांनाही बोलायचं होतं, हे मला दिसत होतं. दोघांपैकी कोणालाच पहिलं बोलायचं नव्हतं. आणि आम्ही पोलीस सकाळपासून काय करत होतो? प्रत्येकाला पहिला हो, पहिला हो म्हणत होतो. त्यांना ज्याची भीती होती तेच बक्षीस म्हणून दाखवत होतो.

मला वडील आठवले. ते बैलबाजारात दलाली करायचे. सही येत नव्हती, पण त्यांच्या हाताला अख्खा बाजार मानायचा. आमच्याकडे बैलाचा भाव तोंडानं ठरत नाही. खांद्यावरचा दुपट्टा हातावर टाकायचा आणि त्याखाली समोरच्याची बोटं दाबून आकडा सांगायचा. एक बोट एक, पूर्ण पंजा पाच, पंजा आणि मग दोन बोटं म्हणजे सात. भोवती शंभर माणसं उभी असली तरी कोणाला कळत नाही. कॉलेजात असताना मला त्या गोष्टीची लाज वाटायची, हे इथे लिहून ठेवतो.

मी नऊ जागांच्या दोन याद्या केल्या. जागा त्याच, पण क्रमांक वेगवेगळे. एकाच्या यादीत पंपघर तीन नंबरला, तर दुसऱ्याच्या यादीत आठला. त्यामुळे दोघांनी ठरवून एकच आकडा दाबला तरी जागा वेगळ्या निघाल्या असत्या. प्रत्येकाला त्याच्या खोलीत जाऊन त्याची यादी तीनदा वाचून दाखवली आणि तोंडपाठ करून घेतली. मग दोघांना एका खोलीत आणून माझ्या दोन बाजूंना बसवलं. त्यांनी सकाळपासून पहिल्यांदा एकमेकांकडे पाहिलं.

हवालदारानं दोन दुपट्टे आणले. एक माझ्या उजव्या हातावर टाकला, एक डाव्या.

मी म्हणालो, "माह्या बापानं याच बाजारात दलाली केली. मले हात समजते. तोंडातून शब्द काढू नका, तुमची आण मोडत नाई. दोघंबी सोबत हात टाका. पयला कोनी नाई, दुसरा कोनी नाई. याद्या वेगळ्या हायेत. दोघायची जागा एक निघाली तं ते खरं. वेगळी निघाली तं एक खोटा हाय, अन् मंग मी दोघायलेबी खोटे समजीन."

खोटं बोलायचं तर आठ जागा होत्या, आणि त्यातली कोणती हे दोघांना ठरवायला सोय नव्हती. न बोलता दोघांनाही सापडेल अशी जागा एकच होती, ती म्हणजे खरी. हे मी त्यांना सांगितलं नाही. दलालाला असा हिशेब सांगावा लागत नाही.

बुटका माझ्याकडे पाहत म्हणाला, "साहेब, ह्यानं नाई दाबलं तं?"

"त्याचा हात तुले दिसून राह्यला ना?"

दिसत होता. उंचाचा हात दुपट्ट्याखाली गेला होता. मग बुटक्यानंही हात टाकला.

पंख्याचा आवाज येत होता. कितीतरी वेळ दोन्ही हात माझ्या हातांत नुसते थंड पडून होते, मे महिन्यातल्या दुपारी तीन वाजता. मला वाटलं, गेलं. दाराच्या बाहेर बाकड्यावर बाई बसल्या होत्या. हवालदारानं त्यांच्या थर्मासमध्ये दोनदा नवीन बर्फ भरून आणला होता.

मग एका हातात चार बोटं दाबली गेली. आणि दुसऱ्या हातात पंजा, थांबून दोन बोटं. चार आणि सात.

मी खिशातल्या दोन्ही याद्या काढल्या. त्या शेजारी शेजारी धरल्या. एका यादीत चार म्हणजे कोंबड्यांचं शेड. दुसऱ्या यादीत सात म्हणजे कोंबड्यांचं शेड.

जीप नेली नाही. दोन बैलबंड्या, म्हणजे बैलगाड्या, मागितल्या, साध्या कपड्यातली सहा माणसं त्यात कडब्याखाली बसवली आणि बाजारातून परतणाऱ्या लोकांत मिसळून गेलो. ॲम्ब्युलन्स डांबरी रस्त्यावर थांबवली. बंडीच्या चालीनं जाताना वाटेतलं प्रत्येक मिनिट मला मोजता येत होतं. शेडजवळ पोचलो तेव्हा तिसरा बाभळीच्या सावलीत बसलेला होता. त्यानं आम्हाला ओळखलं तोवर हवालदार त्याच्या अंगावर होता. पर्यवेक्षक आत पत्र्याखाली हात बांधलेले पडले होते. श्वास जोरजोरात चालला होता, हाक मारली तर डोळे उघडत नव्हते. ॲम्ब्युलन्समधल्या डॉक्टरांनी पुढचं सगळं केलं. सेवाग्रामला त्यांना पाच दिवस ठेवलं. ते वाचले.

दुपट्ट्याखाली जे सांगितलं गेलं ते कोर्टात पुरावा म्हणून उभं राहिलं नसतं, आणि मी ते कोर्टासाठी केलंच नव्हतं. पंचांसमक्ष झालेली सुटका, फोनचा तपशील आणि पर्यवेक्षकांचा जबाब यांवर तिघांनाही शिक्षा झाली. तिसऱ्याला जास्त.

त्या संध्याकाळी कोठडीत बुटक्यानं मला हळूच विचारलं, "पयले कोनं दाबलं साहेब?" दुसऱ्या दिवशी उंचानंही तेच विचारलं. मी दोघांनाही एकच उत्तर दिलं: सोबत.

ते खरं नाही. एक हात दुसऱ्याच्या आधी बोलला होता. फरक फार तर एका श्वासाचा असेल, पण होता, आणि कोणाचा ते मला ठाऊक आहे. स्टेशन डायरीत मी ते लिहिलं नाही. बायकोलाही सांगितलं नाही.

निवृत्त झाल्यावर गेल्या वर्षी देवळीच्या बस स्टँडवर एक माणूस माझ्या शेजारी येऊन बसला. केस पिकलेले, अंगात स्वच्छ पांढरा सदरा. तो तिसरा होता. शिक्षा भोगून बाहेर आलेला. अदबीनं नमस्कार केला, तब्येत विचारली, चहा पाजतो म्हणाला. मी नको म्हणालो. मग माझ्याकडे न पाहता म्हणाला, "आता तं सारं संपलं साहेब. आता तं सांगा. पयला कोन होता?"

"सोबत," मी म्हणालो.

तो हसला. गाडी लागली तशी त्यानं माझी बॅग उचलून खिडकीजवळच्या सीटवर ठेवून दिली. "येजा साहेब गावाकडे," म्हणाला.

त्या केसनं मला काय शिकवलं, असं नवीन अधिकारी विचारतात. मी त्यांना सांगतो, गप्प बसलेल्या माणसाला धीट हो म्हणू नका, त्याला एकटं पाडू नका. एवढं सांगून मी थांबतो. पुढचं सांगत नाही. ते असं, की भीतीचा समतोल आपण मोडतो तेव्हा ती भीती कुठे जात नाही, कोणाला तरी ती घरी न्यावी लागते. त्या दोघांच्या वाट्याची ती मी घेऊन आलो. ते दोघं आजही त्याच बाजारात बैल विकतात, एका कपातला चहा अर्धा अर्धा पितात. आणि मी कोणासमोरही, अगदी जवळच्या माणसासमोरही, त्या दुपारची गोष्ट सांगताना माझे दोन्ही हात खिशात ठेवतो. कोणता हात आधी हलेल आणि ते सांगून जाईल, याचा मला भरवसा वाटत नाही.