व्हिलन निवडणारे नाना

दौंडच्या रेल्वे कॉलनीत नाना एखाद्या माणसाकडे बराच वेळ टक लावून बघत आणि शेवटी म्हणत, "तुमच्यात व्हिलन हाय बरं का." नवा माणूस चपापायचा. जुनी माणसं मात्र खूश व्हायची, कारण नानांच्या तोंडून याहून मोठं कौतुक निघत नसे. तिकीट तपासनीस, डबे करणाऱ्या काकू, गणपतीच्या पूजेला येणारे गुरुजी, सगळ्यांना हे प्रशस्तिपत्र मिळालं होतं. मला कधी मिळालं नाही. माझ्याकडे बघून ते म्हणत, "तुझ्यात न्हाई. तू नुसता लेखक हायेस."

नाना रेल्वेत पॉइंट्समन होते. आयुष्यभर त्यांनी रुळांचे सांधे बदलले आणि गणेशोत्सवात पोरांसाठी नाटक बसवलं. नाटकाचा नायकही त्यांच्याच डोक्यातून निघालेला, सिग्नलवीर. पाठीला हिरवा पडदा, छातीवर पुठ्ठ्याचा दिवा, हात वर केला की धावती गाडी जागच्या जागी थांबायची. पण ते काम कोण करणार याची नानांना फिकीर नसे. "हिरोचं काय, पडदा बांधला की झाला हिरो. व्हिलन निवडायला अक्कल लागती."

ही अक्कल त्यांना जीपमध्ये आली होती. तळेगाव ढमढेऱ्याच्या बाजाराला जाणाऱ्या जीपमध्ये माणसं कोंबलेली असत. कडेवर मूल घेतलेली बाई चढली, की पिशव्या सावरताना मूल कुणाच्या तरी मांडीवर देऊन टाकायची. कुणाच्या, ते नाना बघत. "वळख ना पाळख, तरी बाई ज्याच्या मांडीवर लेकरू ठिवती, त्यो माझा व्हिलन. शिंगं लावलेल्याला पोरं एक दिस भ्यात्यात. दुसऱ्या दिशी तीच शिंगं लावून खेळत्यात."

मधली काही वर्षं नाटक बंद होतं. मी कॉलेजात असताना मंडळाने सिग्नलवीर नव्याने करायचा ठरवला आणि लिहिण्याचं काम माझ्याकडे आलं. बाकीच्यांना पुण्याहून राक्षसाचा मुखवटा आणायचा होता. मी पडलो नानांचा चेला. बाजाराच्या दिवशी त्यांच्याबरोबर जीपमध्ये बसलो. चौफुल्याला एक बाई चढली, तिने गाडीभर नजर फिरवली आणि लेकरू सरळ नानांच्या मांडीवर ठेवलं. मी म्हणालो, "नाना, तुमच्यात व्हिलन आहे."

नाना हसले नाहीत. का, ते मला ठाऊक होतं. त्यांना मूलबाळ नव्हतं, बायको लवकर गेलेली. निवृत्तीनंतर कॉलनीच्या कडेला खोली घेऊन राहिले होते. रोज सकाळी गूळ-शेंगदाण्याचा डबा घेऊन पायरीवर बसत आणि हाक देत, "या रं बाळांनो, या." शाळेला निघालेली पोरं हमखास थांबत. शेजारची चिंगी तर त्यांचं बोट धरल्याशिवाय बालवाडीत जात नसे. त्यांचा सगळा संसार तो एवढाच.

"मला नगं घालू त्यात," ते म्हणाले. "माझी हीच पोरं हायेत."

"नियम तुमचाच आहे, नाना."

नियमापुढे बिचाऱ्यांचं काही चालेना. त्यावर मी आणखी एक शहाणपणा केला. पोरांना भुलवून मालगाडीच्या डब्यात कोंडणाऱ्या व्हिलनच्या तोंडी मी नानांची रोजची हाकच घातली. वही वाचून नाना म्हणाले, "ह्ये वाक्य तेवढं काढ की." मी काढलं नाही. अख्ख्या नाटकात मला तेच वाक्य सगळ्यात आवडलं होतं.

नाटकाच्या रात्री नानांनी ते अगदी पायरीवरच्या आवाजात म्हटलं, "या रं बाळांनो, या." पुढच्या रांगेतून एक पोरगं किंचाळलं, "नाना, नको ना!" आणि रडायला लागलं. मागे मोठी माणसं टाळ्या वाजवत होती. मीही वाजवत होतो.

दुसऱ्या दिवशी पोरं रस्त्याच्या पलीकडच्या कडेने शाळेत गेली. चिंगी आईच्या मागे लपली. "दोन दिसांनी येत्याल," नाना म्हणाले. दोनाचे वीस दिवस झाले, डबा भरलेलाच राहिला. पुढे त्यांनी हाक मारणंही सोडलं, कारण हाक ऐकली की पोरं पळत सुटत. दिवाळीआधी खोली सोडून ते तळेगावला पुतण्याकडे गेले.

सध्या मी मुंबईच्या एका कंपनीसाठी जुन्या सुपरहिरोचा सिनेमा नव्याने लिहितोय. सगळं जमलंय, व्हिलनपाशी अडलंय. बैठकीत कुणी परग्रहावरचा सेनापती सुचवतं, कुणी यंत्रमानव. मी मान डोलावतो, घरी येऊन लिहायला बसतो, आणि कागदावर पांढऱ्या मिशांचा तोच माणूस येऊन पोरांना गोड हाक मारतो. मी पान फाडतो. पुढच्या पानावर तो पुन्हा असतोच. माणूस जिवंतपणी सांगत होता, वाक्य काढ. आता माझ्याने ते निघत नाही.

नाना वारले त्याच्या पंधरवडाभर आधी मी तळेगावला गेलो होतो. माफी मागायची असं वाटेत घोकत गेलो. ते अंथरुणाला खिळले होते. मी काही बोलायच्या आत त्यांनीच विचारलं, "पोरं अजून भ्यात्यात का रं मला?"

भीत होती. चिंगी आता तिसरीत गेली होती, तरी त्या बंद खोलीवरून जाताना झपाझप पाय उचलायची. पण त्यांना बरं वाटावं म्हणून मी म्हणालो, "नाही हो नाना. पोरं ते नाटक कधीच विसरली."



"म्हंजी पोरंबी गेली," नाना म्हणाले, "आन् पार्टबी वाया गेला."